विंगेत बसणाऱ्याचं म्हणणं

गेली सव्वीस वर्षं मी गोव्यातल्या आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकाचा प्रॉम्प्टर आहे, म्हणजे नट अडला की विंगेतून शब्द पुरवणारा. प्रेक्षकांना माझं तोंड कधी दिसत नाही, आणि आवाज ऐकू गेला तर समजायचं की काम बिघडलं. पोटापाण्यासाठी मी वीजखात्यात, सबस्टेशनवर ऑपरेटर. दोन्ही ठिकाणी अंधारात बसून दुसऱ्याच्या हालचालीवर डोळा ठेवायचा, असं बायको म्हणते. आणि नाटकाच्या रात्री वीज गेली की शिव्या मलाच.

गेल्या महिन्यात मुलाच्या शाळेत पालकसभा होती. मुलगा नववीत. वेळापत्रकात बुधवारचा शेवटचा तास चित्रकलेचा आहे, पण दिवाळीच्या सुट्टीनंतर तो गणितानं घेतला तो घेतलाच. मी ते विचारायला उभा राहिलो. ‘सर, चि... चि... चि...’ गाडी तिथंच रुतली. समोर बसलेल्यांपैकी एकानं मदत म्हणून माझं वाक्य पुरं केलं, ‘चिंता करू नका, परीक्षेच्या आधी पोर्शन संपतो.’ सगळे हसले. मीही हसलो आणि खाली बसलो.

मी तोतरा आहे. अगदी लहानपणापासून. गावात त्यावरून मला एक नावही होतं, ते इथं सांगत नाही. तर त्या दिवशी ‘चि’च्या पुढं जे राहिलं ते आता लिहितो. लिहिताना कोणी मधेच वाक्य पुरं करून देत नाही.

चौथीत आम्हाला एकेकाला उभं करून धडा वाचायला लावत. माझी पाळी जवळ आली की मी पुढची मुलं मोजायचो, माझ्या वाट्याला कुठला परिच्छेद येणार ते ठरवायचो आणि त्यात ‘प’ आणि ‘च’ने सुरू होणारे शब्द किती आहेत ते बघायचो. धडा कशाबद्दल होता ते आजही आठवत नाही. पण कवितेच्या तासाला मास्तर पेटी घेऊन यायचे. सगळ्या वर्गानं एकदम चालीवर म्हणायचं. तिथं मी अडायचो नाही. एकदा मास्तरांनी हात वर करून बाकीच्यांना थांबवलं आणि मी एकटाच म्हणत राहिलो, दोन कडवी, माझ्या लक्षातही न येता. मास्तर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून धडासुद्धा मला हलक्या चालीवर वाचायला लावला. मुलं हसली, पण वाक्य शेवटापर्यंत गेलं.

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आरत्यांचंही तसंच. आमच्याकडे घुमट, शामेळ हे तालवाद्य आणि कासाळें म्हणजे झांजा, यांच्या ठेक्यावर तास-दीड तास आरत्या चालतात. घुमट म्हणजे मातीचं मडकं, एका तोंडाला कातडं ताणलेलं. पूर्वी ते घोरपडीचं असायचं. घोरपडीला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून आता बकऱ्याचं लावतात, आणि जुने वाजवणारे अजून नाक मुरडतात की तो ‘घुम’ आता राहिला नाही. २०१९ मध्ये घुमट हे गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर झालं. मला त्याचा उपयोग वेगळाच होता. ठेका सुरू झाला की तोंडातली गाठ सुटायची. गाताना, चारचौघांबरोबर एकदम म्हणताना आणि कुजबुजताना बहुतेक तोतरे अडत नाहीत, हे पुढे एका डॉक्टरांनी सांगितलं. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, नुसती हवा जाते. मला हे घुमटानं आधीच शिकवलं होतं, फक्त त्याला काय म्हणतात ते ठाऊक नव्हतं.

कुजबुजीची गोष्ट नाटकातून कळली. आमच्या जुन्या प्रॉम्प्टरकाकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या उतरायच्या जागेत, तालीम चालली होती, मी दिव्यांच्या वायरी बघायला गेलो होतो. काका म्हणाले, ‘बाबा, ही वही जरा धर, हांव सांगतां थंय वाच.’ मी म्हणणार होतो की मला जमणार नाही, पण ते वाक्यच बाहेर पडेना, म्हणून वही धरली. नटाला ऐकू जावं आणि पुढच्या रांगेला जाऊ नये एवढ्या आवाजात वाचलं. पहिला अंक संपला. मी एकदाही अडलो नव्हतो. काका इतकंच म्हणाले, ‘फाल्यां परतून यो.’ उद्या परत ये.

आता या कामाबद्दल थोडं सांगतो, कारण त्याबद्दल कोणी विचारत नाही.

नवखा प्रॉम्प्टर अख्खं वाक्य वाचतो आणि नट दोन आवाजांच्या मधे सापडतो. नटाला वाक्य नको असतं, पहिला शब्द हवा असतो. कधी नुसतं पहिलं अक्षर पुरतं. श, स, च ही अक्षरं कुजबुजीत फार लांब जातात, म्हणून ती दाबून सांगायची. सगळ्यांत अवघड म्हणजे विराम आणि विसर यांतला फरक. चांगला नट रडण्याआधी चार श्वास थांबतो. तिथं मी शब्द दिला तर त्याचा प्रवेश मेला. विसरलेला नटही तसाच थांबतो, तिथं मी शब्द दिला नाही तर तो मेला. वहीत मी विराम निळ्या पेन्सिलीनं मांडतो, श्वासाच्या आकड्यासकट. बाकी माणूस वाचायचा. लोकांना वाटतं विसरलेला नट विंगेकडे बघतो. नवशिका बघतो. मुरलेला नट उलट प्रेक्षकांकडे बघतो, मोठ्या रुबाबात, पण त्याची बोटं उपरण्याच्या काठाशी चाळा करू लागतात. मी चेहऱ्याकडे कमी आणि बोटांकडे जास्त बघतो.

संगीत नाटक असलं की ऑर्गनवाले माझे जोडीदार. गायक शब्द विसरला की ते सूर लांबवतात, एखादी जागा पुन्हा घेतात, तेवढ्यात मी शब्द पोचवतो. प्रेक्षक ‘वा’ म्हणतात. त्या ‘वा’तला थोडा वाटा आमचा, पण तो मागायचा नसतो.

अलीकडे वरून माइक लोंबकळू लागले आणि आमची पंचाईत झाली. एका ऐतिहासिक नाटकात सरदार लढाईला निघाला आणि तलवार विंगेतच विसरला. मी म्हणालो, ‘तलवार हाड रे, तलवार!’ हाड म्हणजे आण. ते थेट लाउडस्पीकरवर गेलं. सभामंडप हसून हसून लोळला. आमच्याकडे नाटक चालू असताना प्रेक्षक बक्षिसं पाठवतात आणि प्रवेश संपल्यावर ती नावासकट पुकारली जातात. त्या रात्री सरदाराला पन्नास रुपये आले आणि ‘कोंकणी बोलणाऱ्या सरदाराच्या मित्राला’ एकशे एक.

बाहेरच्या वाचकांना हे थोडं समजावून सांगायला हवं. आम्ही घरात कोंकणी बोलतो, भांडतो कोंकणीत, देवाकडे गाऱ्हाणं घालतो तेही कोंकणीत. पण जत्रेला नाटक मराठी. माडावर चढणारा, बसचा कंडक्टर, खाणीवरचा ट्रक चालवलेला माणूस, सगळे दोन महिने ‘महाराज, आज्ञा असावी’ म्हणत फिरतात. कोंकणीला राजभाषा करणाऱ्या १९८७ च्या कायद्याच्या आधी आणि नंतरही भाषेवरून गोव्यात केवढं रण माजलं. आमच्या अग्रशाळेत दोन्ही बाजूंचे लोक तालमीला एकत्र बसायचे आणि चहाला उठले की पुन्हा वाद घालायचे. नाटक मात्र कोणी सोडलं नाही. मी स्वतः जे मराठी आता लिहितोय त्यातलं निम्मं शाळेनं दिलं, निम्मं संहितांनी.

कलेनं माणसं जोडली जातात, असं प्रत्येक उद्घाटनाच्या भाषणात ऐकायला मिळतं. माझा अनुभव एवढा गोड नाही. आमच्या नाटकात दोन चुलतभाऊ काम करत. काजूच्या बागेच्या हद्दीवरून त्यांचा फोंड्याच्या कोर्टात खटला चालू, अकरा वर्षं एकमेकांशी शब्द नाही. दिग्दर्शकानं मुद्दाम केलं की चुकून, थोरल्याला सेनापती केलं आणि धाकट्याला त्याचा जिवाचा मित्र. चाळीसेक रात्री ते एकमेकांशी फक्त संहितेतलं बोलले. तालीम संपली की एक पुढच्या दारानं जायचा, दुसरा मागच्या. जत्रेच्या रात्री तिसऱ्या अंकात धाकटा अडला. मी शब्द देणार तेवढ्यात थोरल्यानं संहितेत नसलेली मिठी मारली आणि त्याच्या कानात पुढचं वाक्य सांगितलं. त्याला भावाची सगळी वाक्यं पाठ होती. मी विंगेत वही मांडीवर ठेवून बसून राहिलो.

पुढच्या सोमवारी दोघे आपापल्या वकिलांबरोबर कोर्टात हजर. खटला अजून संपलेला नाही.

आईची गोष्ट सांगितल्याशिवाय हे पुरं व्हायचं नाही. आईचं माहेर सांगे तालुक्यातलं कुर्डी. १९८० च्या दशकात साळावली धरणाचं पाणी चढलं आणि गाव त्याखाली गेलं. तिथल्या माणसांचं वाडे आणि वाळकिणी इथं पुनर्वसन झालं. दर मे महिन्यात पाणी ओसरलं की कुर्डी वर येतं, भेगाळलेला चिखल, झाडांचे बुंधे, घरांची जोती. जुने गावकरी त्या दिवसांत जातात, सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात. मी आईला दोनदा घेऊन गेलो. घर कुठं होतं ते तिला काही केल्या सापडेना. ‘हांगा आशिल्लें... ना, थंय...’, इथं होतं, नाही, तिथं, असं करत ती फिरत राहिली. मग एका सपाट जागेवर थांबली, लुगड्याचा कासोटा नीट केला आणि पुढं वाकून पाच-सहा पावलं टाकली, मागं आली, परत पुढं गेली. धालोची पावलं. पौषातल्या रात्री बायका समोरासमोर दोन रांगा करून मांडावर धालो खेळतात, आणि मांड ही ठरलेली जागा असते, वाटेल तिथं धालो खेळत नाहीत. आई म्हणाली, ‘हो मांड.’ हाच मांड. तिथून तिनं पावलं मोजली आणि घराचं जोतं सापडलं. नकाशा तिच्या पायांत होता.

त्याच कुर्डीत १९०४ साली मोगूबाई कुर्डीकर जन्मल्या. किशोरी आमोणकरांच्या त्या आई आणि गुरू. पाणी उतरलं की त्यांच्या घराचे अवशेष लोक हौसेनं दाखवतात. आमच्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर त्यांच्या गुरुभगिनी, दोघींनी अल्लादिया खाँसाहेबांकडे तालीम घेतली. केसरबाईंनी गायलेली साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अवकाशात गेली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात बाई गेल्या. ही गोष्ट गोव्यात शाळकरी मुलालाही ठाऊक असते, आणि असावी. पण ती सांगताना आपण अर्धीच सांगतो. या बायका ज्या कलावंत घराण्यांतून आल्या, त्या घराण्यांतल्या बायकांनी देवळांत पिढ्यान् पिढ्या गायन-नर्तनाची सेवा केली, आणि गावानं ते गाणं ऐकलं पण गाणारीला मानानं वागवलं नाही. मी प्रॉम्प्टर झालो तेव्हासुद्धा नाटकात काम करायला बाहेरून बाई यायची. एकाच रंगीत तालमीवर सबंध नाटक उभं करायची, सगळ्या नटांपेक्षा तिचं पाठांतर पक्कं, मला तिच्यासाठी वहीचं पान उलटावंच लागत नसे. नाटक संपल्यावर पहाटे चारला ती देवळाच्या पायरीवर पिशवी घेऊन एकटी बसलेली मी पाहिली आहे, पहिल्या बसची वाट बघत. रात्री तिला बक्षिसं देणाऱ्यांपैकी कोणी घरी चहाला बोलावलं नाही. आम्हीही नाही. कलेचं मोल वगैरे शब्द कानावर आले की मला ती पायरी आठवते.

केसरबाई केरीत ज्या घरात राहिल्या होत्या तिथं आज त्यांच्या नावाचं हायस्कूल आहे. मुलाची शाळा ती नव्हे, गैरसमज नको. पण मला पालकसभेत असं काहीतरी म्हणायचं होतं की ज्या तालुक्यात गायिकेच्या नावानं शाळा उभी राहते, तिथं आठवड्याचा एक चित्रकलेचा तास जड व्हावा? आणि नवं शैक्षणिक धोरणही २०२० पासून सांगतंच आहे की कला आणि विज्ञान यांच्यात, अभ्यास आणि ‘इतर उपक्रम’ यांच्यात पक्की भिंत नको. बोलता आलं असतं तर बहुतेक मी हे फार पल्लेदार करून बोललो असतो. अडलो ते बरंच झालं.

कारण खरं कारण त्याहून साधं आहे. गेल्या चवथीला माटोळीचं सामान आणायला मुलगा माझ्याबरोबर रानात आला. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं-पानं बांधतात, ती माटोळी. कवंडळं, कांगलां, घागऱ्यो, आंबाडे, तोरिंगां, सुपारीचे घोस. मुलाला मोबाइलवरच्या सगळ्या गाड्या ओळखता येतात, पण त्या दिवशी कवंडळ हातात घेऊन म्हणाला, ‘हें खावपाक जाता?’, हे खाता येतं का. मी म्हटलं, ‘ना रे बाबा, हें फकत पळोवपाचें.’ नुसतं बघायचं. दिसायला लालभडक, खायला कडू जहर. दुसऱ्या दिवशी त्यानं ते कापलं आणि चित्रकलेच्या वहीत काढलं. आतला हिरवाकाळा गर, बियांची रांग, देठाकडचा पिवळा पट्टा. रंग जुळेना म्हणून तीनदा पुसलं. तिसऱ्या वेळी मला म्हणाला की बाहेरचा लाल सगळीकडे एकसारखा लाल नाही. मी बघितलं. खरंच नव्हता. चोपन्न वर्षं मी कवंडळं बांधतोय.

ते पान वहीतलं शेवटचं. त्यानंतर बुधवारी गणित.

मी गणिताच्या विरुद्ध नाही. सबस्टेशनवर आकडा चुकला तर लाइनवरचा माणूस जातो. पण तिथंही मला जगवलं ते विंगेनं. शटडाउन द्यायचा, म्हणजे कामासाठी लाइन बंद करून द्यायची, तर फोनवर फीडरचं, म्हणजे त्या लाइनचं, नाव, वेळ आणि लाइनमनचं नाव स्पष्ट बोलावं लागतं, पलीकडून ते परत म्हणून घ्यावं लागतं. तोतऱ्याला फोनइतका शत्रू नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी रात्री फोन वाजला की घामाघूम व्हायचो. मग एकदा लॉगबुकातल्या नोंदीवर मी निळ्या पेन्सिलीनं विराम मांडले, नाटकाच्या वहीत मांडतो तसेच, आणि अवघड शब्दाच्या आधी एक श्वास. आवाज खाली, ठेक्यात. ‘इलेव्हन केव्ही, | फीडर दोन, | लाइन बंद, | अर्थिंग लावलेलं आहे.’ गेली वीस-बावीस वर्षं तसंच बोलतो. नव्या पोरांना वाटतं ती खात्याची पद्धत आहे. एकदोघांनी उचललीही.

पालकसभा संपल्यावर मी पायऱ्यांशी चपला शोधत होतो. गणिताचे सर मागून आले. मला वाटलं समजूत घालणार. त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, ‘तुम्ही नाटकाला प्रॉम्प्टिंग करता ना? आमच्या गावची जत्रा माघात. संगीत नाटक घातलंय, आणि प्रॉम्प्टर मिळत नाही. मी स्वतः काम करतोय.’

मी विचारलं, तालीम किती वाजता. हे विचारताना ‘त’वर दोनदा अडलो. ते थांबले, वाक्य पुरं केलं नाही. ‘रात्री आठला,’ म्हणाले, ‘तास आटोपून घरी जायला मला सात होतात.’

संहिता पिशवीत आहे. काल रात्रपाळीला त्यांची वाक्यं मोजली, पहिल्या अंकात एकशे बारा. त्यांपैकी किती पाठ आहेत ते शनिवारी कळेल. बुधवारच्या तासाचं मी त्यांना अजून विचारलेलं नाही, पण दुसऱ्या अंकात एक चांगला लांब विराम आहे.